भिडेवाडा : डागडुजीचा इतिहास

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने रात्रीतून पाडला. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. स्मारकाचा मार्ग मोकळा झाला म्हणून कार्यकर्त्यांनी आनंद व्यक्त केला. मूळ वास्तू गेली म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली. दोन्ही भावना खऱ्या आहेत. परंतु वाडा त्या रात्री पडला असे मानणे म्हणजे इतिहासाचे शेवटचे पान तेवढे वाचणे होय. तो त्याआधी कित्येक वर्षे पडतच होता.

पेशवाई घाटणीचा वाडा हा मुळात लाकडाचा सांगाडा. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. भिंती या सांगाड्याभोवती भरलेल्या. भार मुख्यतः लाकूड वाहते. अशी बांधणी शे-दोनशे वर्षे टिकते, मात्र तिच्याकडे सतत लक्ष लागते. कौले सरकली की पाणी भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकाशी मुरते, लाकूड कुजते, वाळवी लागते. एक तुळई खचली की वरचा मजला खचतो. पावसाळ्यापूर्वी कौले, आमच्या वऱ्हाडी बोलीत कवेलू, फेरली तर यातले बरेचसे टळते. म्हणून लाकडी वास्तूच्या इतिहासात ती कोणी बांधली यापेक्षा तिची डागडुजी कोणी केली, कोणासाठी केली आणि कधी थांबवली, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

भिडेवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर विश्रामबाग वाडा आहे. तो दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८२१ मध्ये इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा काढली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून चाले आणि ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. १८७९ च्या आगीत या वाड्याचा काही भाग जळाला. तोही लाकडाचाच, पण वर्गणी उभी राहिली, सार्वजनिक पैसा आला आणि जळालेला भाग पुन्हा उभा झाला. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने जोतीरावांचा शिक्षणकार्याबद्दल सत्कार केला होता. सत्काराचा वाडा आजही आपले नक्षीदार सागवानी खांब घेऊन उभा आहे. ज्या वाड्यात प्रत्यक्ष काम झाले, तो मात्र गळत राहिला. हा फरक लाकडाच्या प्रतीचा आहे काय?

भिडेवाड्याच्या तळमजल्यावर दुकाने होती, वरचे मजले निकामी होत गेले. २००६ मध्ये पालिकेने स्मारकाचे ठरवले. पुढे भाडेकरू आणि पालिका यांचा वाद न्यायालयात गेला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. आपला हक्क मागण्यासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार भाडेकरूंनाही आहे. दोष तेथे शोधून भागणार नाही. ठराव आणि ताबा यांच्यात सतरा वर्षे गेली. एवढ्या पावसाळ्यांत छपराची काळजी कोणाची होती? वादातल्या घराची कौले कोणीच फेरीत नाही, आणि वाळवी तारखेची वाट पाहत नाही.

आम्हा वर्धेकरांना दुसरा दाखला घरचाच आहे. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची. सागवानी वाड्यापुढे ती कितीतरी नाजूक. तरी १९३० च्या दशकापासून ती उभी आहे, कारण लिंपणाला, सारवणाला, कवेलू फेरायला माणसे आहेत आणि त्यांच्यामागे संस्था आहे. गांधीविचाराशी आपले मतभेद असोत, हे संघटन आपण शिकून घ्यावे.

मात्र वास्तू जपताना तिची पूजा मांडू नये. वाड्याच्या रचनेतच जात होती. दिंडीबाहेर कोणी थांबावे, ओसरीवर कोणी बसावे, माजघरात कोणी जावे, हे उंबरठेच सांगत. तेथे मुलींची शाळा भरली हे बंड खरेच. पण पहिल्या सहा मुलींत चार ब्राह्मण, एक मराठा आणि एक धनगर होती, असे चरित्रकार सांगतात. महार-मांग मुलांसाठी फुल्यांनी पुढे स्वतंत्र शाळा काढल्या. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. स्मारकात हा सगळा प्रवास आला पाहिजे. नुसती पहिल्या दिवसाची तसबीर पुरणार नाही. ज्या सुतार, गवंडी, बेलदारांनी हा वाडा उभा केला, त्यांच्या श्रमाचीही नोंद तेथे हवी. वाडा भिड्यांच्या नावाने ओळखला गेला. सुताराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

सिमेंटच्या खांबांना लाकडाचा रंग दिल्याने इतिहास परत येत नाही. त्या जागी मुलींचा वर्ग भरावा, आणि वास्तूच्या देखभालीची तरतूद दरवर्षी व्हावी, या दोन मागण्यांवर कार्यकर्त्यांनी ठाम राहिले पाहिजे. आणि पुण्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडेही पाहू. आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव येथील आपल्या वस्त्यांतली जुनी वसतिगृहे, वाचनालये, विहारे यांची यादी कोणाजवळ आहे? शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती या उन्हाळ्यात करावी. प्रत्येक नावापुढे एकच रकाना असावा : पावसाळ्यापूर्वी कवेलू कोण फेरणार?