पायघोळ झग्याचा अर्थ : 'स्टार वॉर्स'मधील ओबी-वान केनोबीच्या वेशाची चिकित्सा

प्रस्तावना

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वेशभूषा व रंगभूषा यांचा समावेश आहार्यात होतो. म्हणजेच वस्त्र हे नटाच्या देहावरील केवळ आच्छादन नसून अभिनयाचाच एक भाग होय. चित्रपटसमीक्षेत मात्र वेशभूषेचा विचार बहुधा त्रोटक असतो आणि तो रंग व आकृती यांपाशीच थांबतो. कापडाचा पोत, वजन, वीण आणि शिवण यांना अर्थनिर्णयात क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात जॉर्ज लुकास दिग्दर्शित 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील ओबी-वान केनोबीच्या झग्याचा या दृष्टीने विचार केला आहे. हा वेश अनेक देशांतील हौशी मंडळी आजही घरी शिवतात. अशी प्रतिकृती शिवताना कापडाविषयी घेतलेला प्रत्येक निर्णय हा व्यक्तिरेखेचा अर्थ लावणारा निर्णय असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वेशाची घडण

या चित्रपटाचे वेशभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार अभ्यासक होते. १९७८ मध्ये त्यांना या कामगिरीसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. पुढे 'गांधी' (१९८२) या चित्रपटासाठी कोल्हापूरच्या भानु अथैया यांच्यासमवेत ते पुन्हा या पुरस्काराचे मानकरी ठरले. दोन्ही चित्रपटांचे विश्व सर्वस्वी भिन्न असले, तरी वेशभूषाकारापुढील एक प्रश्न समान होता. ज्याने ऐश्वर्याकडे पाठ फिरवली आहे अशा माणसाचे वस्त्र पडद्यावर साधे तर दिसावे, पण दुर्लक्षित राहू नये, हा तो प्रश्न होय.

ॲलेक गिनेस यांनी साकारलेल्या केनोबीच्या वेशाचे मुख्य घटक मोजके आहेत : आत फिकट रंगाचा, पुढे एकावर एक येणाऱ्या पाखांचा अंगरखा, कमरेला पट्टा आणि वरून तपकिरी, लोकरी, हूड असलेला पायघोळ झगा. अंगरख्याची बांधणी जपानी किमोनोशी नाते सांगते. लुकास यांच्यावरील अकिरा कुरोसावा यांच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या चित्रपटाचा प्रभाव सर्वश्रुत आहे. झगा पाहताना ख्रिस्ती मठवासी आणि उत्तर आफ्रिकेतील बर्नूस यांची आठवण होते. वाळवंटातील प्रसंगांचे चित्रीकरण ट्युनिशियात झाले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. मराठी वाचकाला फकिराची कफनी आठवणे स्वाभाविक आहे. संस्कृती कोणतीही असो, विरक्ताच्या वस्त्रात अलंकरणाचा अभाव आणि देहाकृती झाकणारा सैलपणा ही दोन लक्षणे वारंवार आढळतात.

कापडाची निवड

अलंकरण नसलेल्या वस्त्रात अर्थाचा सारा भार कापडावर येतो. लोकरीचा धागा कुरळा व खरखरीत असल्याने त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि कापड मंद, निस्तेज दिसते. याउलट पॉलिएस्टर सॅटिनचा धागा गुळगुळीत असतो व त्याच्या विणीत लांब सुटे धागे पृष्ठभागावर येतात, त्यामुळे ते चमकते. बाजारात तयार मिळणारे स्वस्त झगे बहुधा अशाच हलक्या कृत्रिम कापडाचे असतात. रंग तोच, आकृतीही तीच. तरीही त्या झग्यातील माणूस विरक्त न वाटता जादूचे प्रयोग करणारा वाटतो.

वजनाचा मुद्दा तर कथानकाशीच निगडित आहे. डार्थ व्हेडरशी झालेल्या द्वंद्वात केनोबीचा देह अदृश्य होतो आणि रिकामे वस्त्र जमिनीवर कोसळते. व्हेडर ते पायाने चाचपून पाहतो. माणूस गेला आणि मागे फक्त कापड उरले, हा त्या दृश्याचा आशय आहे. तो व्यक्त होण्यासाठी कापड आपल्या भाराने खाली यावे लागते. फुगणाऱ्या, तरंगणाऱ्या कापडाने हे दृश्य हास्यास्पद झाले असते.

महाराष्ट्राच्या हवामानात जाड लोकर वापरणे अवघड आहे. तेथे हातमागाचे जाड सुती कापड किंवा लिननचे मिश्रण हा समंजस पर्याय ठरतो. मूळ तंतू बदलला तरी निस्तेज पृष्ठभाग, दिसणारी वीण आणि भार हे तीन गुण राखता येतात. येथे प्रतिकृती ही नक्कल न राहता भाषांतराच्या जवळ जाते : शब्द बदलतो, आशय जपावा लागतो.

शिवणीचा विचार

या झग्याची शिवण तांत्रिकदृष्ट्या सोपी वाटते, कारण त्यात अंगाला बेतलेले भाग जवळजवळ नाहीत. परंतु याच कारणाने बेतण्यातील चूक लपत नाही. सुमारे १५० सेंटिमीटर पन्ह्याचे कापड घेतल्यास प्रौढ माणसाच्या झग्याला साधारण ५ ते ६ मीटर लागते. पुढचे व मागचे भाग उभ्या धाग्यावर बेतले तर चुण्या सरळ, स्तंभासारख्या पडतात. तेच भाग उरेब बेतले तर घेर लाटांसारखा हलतो आणि वेशात नृत्याची छटा येते. सुती कापड आधी भिजवून, आटवून न घेतल्यास पहिल्याच धुण्यात लांबी कमी होते व पायघोळपणा नाहीसा होतो. मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून हूडची खोली ठरवणेही इष्ट असते. हूड उथळ राहिला तर चेहऱ्यावर सावली पडत नाही, आणि केनोबीचा प्रथम प्रवेश तर हूडखाली झाकलेल्या चेहऱ्यानेच होतो. तळाची दुमड यंत्रावर टीप मारून घालण्याऐवजी हाताने तुरपाई केल्यास बाहेरून सरळ रेघ दिसत नाही. अखेरीस धुणे, घासणे, चहाच्या पाण्यात बुडवणे अशा उपायांनी नवेपणा घालवावा लागतो, कारण हे वस्त्र वर्षानुवर्षे वापरातले आहे असे कथा सांगते.

विरक्त की योद्धा?

या वेशाच्या इतिहासात एक विसंगती आहे. १९७७ च्या चित्रपटात केनोबीच्या अंगरख्याशी मिळताजुळता अंगरखा ल्यूकचा शेतकरी काका ओवेनही घालतो. म्हणजे तो वेश मुळात वाळवंटी रहिवाशाचा होता. लपून राहणाऱ्या माणसाला तो साजेसा होता. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मध्ये अनाकिनचा आत्मा अशाच वेशात दिसतो आणि १९९९ पासूनच्या चित्रपटांत तर तो संपूर्ण जेडाय पंथाचा गणवेश बनतो. मग प्रश्न उरतो : शत्रूपासून लपणारा केनोबी आपल्या पंथाचा गणवेश घालून का वावरतो?

१९९९ च्या चित्रपटाच्या वेशभूषाकार ट्रिशा बिगर यांनी थर व छटा यांच्या साहाय्याने या गणवेशाला निश्चितच समृद्धी दिली. तथापि तेथे योद्धे द्वंद्वापूर्वी झगा काढून टाकतात. वस्त्र प्रसंगानुरूप धारण करण्याची वस्तू ठरते. १९७७ चा केनोबी झग्यासह लढतो आणि झगा मागे ठेवून जातो. प्रतिकृती शिवणाऱ्याने या दोहोंपैकी कोणता केनोबी आपल्याला अभिप्रेत आहे हे कापड घेण्यापूर्वीच ठरवणे आवश्यक आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. गिनेस यांनी वापरलेला झगा भाड्याने पोशाख देणाऱ्या लंडनमधील संस्थेच्या साठ्यात पुढे अनेक वर्षे पडून होता. 'द ममी' (१९९९) मध्ये तो गर्दीतील एका नटाच्या अंगावर होता. २००७ मधील लिलावात त्याच झग्याला ५४ हजार पौंड मिळाले. अर्थ कापडातच असता, तर तो इतकी वर्षे अनोळखी कसा राहिला? आक्षेप महत्त्वाचा आहे. पण तो प्रतिपादनाला छेद देण्याऐवजी पुष्टीच देतो. गर्दीत मिसळून जाण्याची क्षमता हाच त्या वस्त्राचा गुण होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, वेशाची प्रतिकृती शिवणे हा समीक्षेचा एक व्यावहारिक प्रकार आहे. गृहविज्ञान, नाट्यशास्त्र आणि साहित्य हे विभाग महाविद्यालयांत वेगवेगळ्या इमारतींत बसतात. अशा एका झग्याच्या निमित्ताने त्यांना एकत्र अध्यापन करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्याने सॅटिन नाकारून जाडेभरडे कापड का निवडले, याचे उत्तर त्याला चित्रपटातील दृश्याच्या आधारे देता आले, तर त्याने ती व्यक्तिरेखा नीट वाचली आहे असे मानावयास हरकत नाही.