गर्भनिरोधकांच्या जाहिराती आणि ‘कुटुंबाची वेळ’ : एक परीक्षण

निरोधाच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळेत दाखवाव्यात, अशी सूचना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ डिसेंबर २०१७ रोजी सर्व दूरचित्रवाणी वाहिन्यांस दिली. केबल दूरचित्रवाणीसंबंधीच्या १९९४ च्या नियमांचा तीस आधार होता. मुलांच्या सुरक्षिततेस बाधा आणणारी किंवा त्यांच्या मनात अनारोग्यकारक गोष्टींविषयी कुतूहल जागविणारी जाहिरात नसावी, आणि असभ्य व सूचक विषय जाहिरातींनी टाळावेत, असा त्या नियमांचा आशय आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने या प्रकरणी सरकारला नोटीस काढली. त्यानंतर सूचनेस जेमतेम दहा दिवस होत असताना मंत्रालयाने खुलासा केला, की हे बंधन केवळ कामोत्तेजक जाहिरातींपुरते आहे. जनतेस सुरक्षित वर्तनाची माहिती देणाऱ्या जाहिरातींस ते लागू नाही. वृत्तपत्रांतील गलबला तेवढ्यावर शमला. प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला, आणि आमच्या मंडळ्यांतून तो आजही अधूनमधून डोके वर काढतो.

प्रथमदर्शनी आम्हीही त्या सूचनेचे मनातल्या मनात स्वागत केले होते, हे कबूल केले पाहिजे. सायंप्रार्थना आटोपून कुटुंब एकत्र बसले आहे, आणि पडद्यावर एकाएकी असे काही यावे की आजीने पाण्याच्या निमित्ताने उठावे, बापाने घाईघाईने वाहिनी बदलावी व लेकराने नेमके त्याच वेळी “ते काय होतं?” म्हणून विचारावे, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस परिचित असेल. अशा संकोचाला आम्ही हसत नाही. लज्जा ही नेहमीच अज्ञानाची लेक असते असे नाही. पुष्कळदा ती आदरातूनही जन्मते. परंतु संकोच खरा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरतोच असे नाही. म्हणून या जाहिराती काय बोलतात आणि कोणाशी बोलतात, याचे थोडे परीक्षण करावे असे आम्हांस वाटले.

आमचे सेवाक्षेत्र बेळगावच्या पूर्वेस, विमानतळामुळे ज्याचे नाव परक्यांसही ठाऊक आहे त्या सांबऱ्याच्या आसपास. येथल्या घरात मालिका मराठी असते, बातम्या कधी मराठी तर कधी कन्नड असतात, आणि मध्ये येणारी जाहिरात बहुधा हिंदीत व तीही अर्धी इंग्रजीत कुजबुजत असते. काही वर्षांपूर्वी एका घरभेटीत अशीच एक जाहिरात लागली. फळांच्या स्वादांची नावे, ओलेती तरुणी, मंद दिवे. घरच्या भगिनीने अगदी निर्मळपणे विचारले, “साहेब, ह्ये काय इकत्यात? सुपारीसारखं खायाचं असतंय काय?” वय तिशीच्या आत, पदरी तीन लेकरे, आणि चोविसाव्या वर्षीच शस्त्रक्रिया होऊन गेलेली. ज्या वस्तूची जाहिरात चालली होती तिची ओळख त्या शस्त्रक्रियेपूर्वी तिला कोणी करून दिली नव्हती, आणि ती जाहिरातही करून देत नव्हती. आम्ही उत्तर देण्यापूर्वी दाराकडे पाहिले. लेकरे अंगणात होती. मग दोन वाक्यांत काय ते सांगितले. ती हसली नाही, लाजलीही नाही. “मग आमच्या वेळंला कुणी का नाही सांगितलं?” एवढेच तिने विचारले.

त्या प्रश्नापासून आमचे मत बदलू लागले. दहाचा ठोका हा मुंबई-दिल्लीच्या घड्याळातला आहे. शेतावर जाणाऱ्या सांबऱ्याच्या बाईला रात्रीचे दहा म्हणजे मध्यरात्रच. पहाटे पाण्यासाठी तिला उठायचे असते. येथून उत्तरेस, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या निपाणीकडे जावे, तर तेथल्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांचीही तीच कथा. संध्याकाळची मालिका त्या पाहतात, म्हणजे ऐकतात. डोळे पानावर असतात. जाहिरात दहानंतर ढकलली की ती नेमकी यांच्यापासून दूर जाते, आणि ज्याच्या हाती स्वतःचा दूरध्वनी आहे त्या पोरसवदा तरुणापासून मात्र जात नाही. त्याला हवे ते कोणत्याही वेळी पाहता येते. जिच्या रक्षणासाठी पडदा ओढला तीच अंधारात राहावी, असा हा प्रकार आहे.

हे ओझे कोणाच्या अंगावर आहे, हेही पाहिले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्धा टक्काही नाही, आणि निरोधाचा वापर दहा टक्क्यांच्या आत आहे. कर्नाटकात तर शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत. आणीबाणीत पुरुषांवर झालेल्या सक्तीची प्रतिक्रिया म्हणून पुढल्या सर्व सरकारांनी पुरुषाला सोडून दिले आणि स्त्रीला धरले, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही. पुरुषाने स्वतःच्या देहावर जबाबदारी घेण्याचे साधन जर कोणते असेल, तर ते हेच. आणि बंधन घातले गेले ते नेमके त्याच्या जाहिरातीवर.

आता जाहिरातींकडे वळू. १९६८ साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तेव्हा तीन नगांस पंधरा पैसे एवढीच किंमत ठेवली होती, आणि चहा, साबण, विजेरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचविला होता. नावही विचारपूर्वक निवडलेले. योगशास्त्रात ज्या शब्दाने मनाच्या वृत्ती आवरण्याची क्रिया सांगितली, तोच हा शब्द. आपल्याकडे तर तो त्या वस्तूचे सामान्यनामच होऊन बसला. त्या काळातली लाल त्रिकोणाची जाहिरात रुक्ष होती, शाळामास्तरी होती, भिंतीवर रंगविलेली होती. पण ती कुटुंबाला उद्देशून होती. नवरा, बायको, मुले असे चित्र. तिच्यात दोष होता तो निराळा : लेकरू म्हणजे संकट, असा तिचा सूर होता, आणि तो आम्हांस कधीच रुचला नाही.

१९९१ साली ‘कामसूत्र’ची जाहिरात आली आणि हवा पालटली. पूजा बेदी व मार्क रॉबिन्सन यांच्या त्या छायाचित्रांवर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तिच्या कर्त्यांचे म्हणणे होते, की सरकारी वस्तूचा दवाखानी वास घालवून ती स्त्रीपुरुषांच्या आनंदाशी जोडली पाहिजे. हे म्हणणे सर्वस्वी त्याज्य नाही. दांपत्यसुखाला शास्त्रलेखात अमंगल मानलेले नाही. गीतरत्न आमच्याच पवित्र शास्त्रात आहे. परंतु पुढे या वाटेने जे लोंढे आले त्यांत आनंद उरला नाही, केवळ माल उरला. पडद्यावर स्त्री एकटीच. ती कोणाची कोणी नाही, तिला घर नाही, प्रश्न नाही, भय नाही, आणि नकार तर मुळीच नाही. या जाहिरातींवर आमचा आक्षेप आहे तो येथे. त्या फार सांगतात हा त्यांचा दोष नव्हे. त्या काहीच सांगत नाहीत हा आहे.

उलट बाजूचे उदाहरणही देणे योग्य होईल. २००८ च्या सुमारास बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टने आपल्या व शेजारच्या राज्यांसाठी एक मोहीम चालविली. तिच्या एका जाहिरातीत कबड्डीचा डाव आहे, आणि चढाई करणारा खेळाडू ‘कबड्डी’ऐवजी ‘कंडोम’ हा शब्द घोकत जातो. ना ओलेती तरुणी, ना मंद दिवे. माती, घाम आणि हशा. लाजेने अडखळणारा शब्द खेळगड्यांच्या तोंडी घालून त्याचे विष उतरविणे ही कल्पना आम्हांस उत्तम वाटते. कबड्डीचे वेड असलेल्या आमच्या सीमाभागात तर ती विशेष समजण्याजोगी होती. २०१७ च्या मूळ सूचनेचा शब्द अक्षरशः पाळला असता, तर ही जाहिरात आणि ती ओलेती जाहिरात एकाच पिंजऱ्यात पडल्या असत्या. कारण त्या सूचनेने वस्तू पाहिली, मांडणी पाहिली नाही. याच मंत्रालयाने २०११ साली अंगास लावायच्या सुगंधी फवाऱ्यांच्या जाहिरातींस आक्षेप घेतला होता. तेव्हा फवारा दहानंतर दाखवा असे कोणी म्हटले नाही, दृश्ये बदला असे म्हटले. तीच कसोटी येथे का नको? सुगंधाला मांडणीची कसोटी आणि निरोधाला घड्याळाची, हा भेद आम्हांस उमगत नाही.

येथे कोणी बंधू म्हणतील, की पाळकांनी व वेदशास्त्राच्या शिक्षकांनी या चिखलात का उतरावे? त्यांस आम्ही इतिहासाकडे पाहावयास सांगू. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. कर्वे त्या काळी विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. ते महाविद्यालय स्कॉटिश मिशनचे, म्हणजे आपल्याच घरातले. कर्व्यांचा प्रचार व्यवस्थापनास मानवला नाही आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ साली त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे अश्लील कसे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला ते हरले. कर्व्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत. विवाहाविषयीची त्यांची कित्येक विधाने आम्ही कोणत्याही वर्गात खोडून काढू. पण विचारणाऱ्यास उत्तर देणारा मनुष्य आमच्या संस्थेने दाराबाहेर घातला, आणि त्याच्या बाजूने उभा राहिला तो ज्याला सर्वच दारे बंद होती असा एक मनुष्य, हे वाचताना आमची मान खाली जाते.

ख्रिस्ती जगात या विषयावर एकवाक्यता नाही, हे वाचक जाणतातच. १९३० साली लॅम्बेथ परिषदेने अँग्लिकन मंडळीस काही अटींवर मोकळीक दिली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ती वाट बंद असल्याचे घोषित केले, आणि १९६८ च्या जुलैत, म्हणजे इकडे ‘निरोध’ दुकानात आला त्याच वर्षी, पोप सहावे पॉल यांनी तेच पुन्हा सांगितले. ओनानाची कथा त्या वादात किती वेळा पुढे आणली गेली! वस्तुतः त्या कथेतला अपराध साधनाचा नसून, भावाच्या विधवेची फसवणूक करण्याचा आहे, असे आम्हांस वाटते. पण तो वाद येथे नको. जे कृत्रिम साधनांस विरोध करतात त्यांनाही नैसर्गिक पद्धती शिकवाव्याच लागतात, आणि मुक्याने काही शिकविता येत नाही.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. त्यात तथ्य आहे. ओरिगेनाने लिहून ठेवले आहे, की उत्पत्तीचा आरंभ, यहेज्केलाचे काही भाग व गीतरत्न हे इब्री लोक वय पक्व झाल्याशिवाय वाचू देत नसत. म्हणजे ‘कुटुंबाच्या वेळे’ची कल्पना आजची नव्हे. तथापि दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. पौलाची पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तो मुलांना थेट हाक मारतो. तेव्हा वाचनाच्या वेळी मुले तेथे बसलेली असणार. करिंथच्या घराघरांतही अशीच मंडळी जमत असेल, आणि त्यांच्यापुढे पहिल्या पत्राचा सातवा अध्याय वाचला गेला असेल : पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार, पत्नीच्या देहावर पतीचा, आणि परस्परांच्या संमतीवाचून काही नाही. त्यात आडपडदा नाही, आणि लाळघोटेपणाही नाही. आजच्या एखाद्या जाहिरातलेखकाने तो अध्याय जरूर वाचावा. संमतीचा शब्द त्याच्या तीस सेकंदांत कोठेच नसतो.

तेव्हा वाहिन्यांकडे आमची मागणी आहे ती मालिकेच्या वेळेतच, मराठीत व कन्नडात, घरातल्या माणसांनी घरातल्या भाषेत बोललेल्या जाहिरातींची. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली ती कुटुंबनियोजनाचाच हेतू धरून, आणि लोकांनी ती सहकुटुंब पाहिली. उपदेश पुढे पातळ करावा लागला, ही गोष्ट निराळी. पण कोणाला उठून पाणी प्यायला जावे लागले नव्हते.

आणि आमच्या स्वतःच्या घरी? लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी आम्ही जे मार्गदर्शनवर्ग घेतो, त्यांत प्रीती, क्षमा, दशांश व सासूसासरे यांना चार सत्रे मिळतात. या विषयासाठी शेवटच्या दिवशी जेवणापूर्वीचा अर्धा तास ठेवलेला असतो. गेल्या खेपेस त्यासाठी बोलाविलेल्या डॉक्टरबाई बेळगावहून यायला उशीर झाला, आणि आम्ही तो अर्धा तास गीते गाऊन भरून काढला.