कागद कोणाचा? : मजुरीच्या साधनांची एक चिकित्सा

अस्सल कागदावांचून इतिहास लिहूं नये, हा दंडक राजवाडे यांच्या पिढीनें आमच्या संशोधनास घालून दिला. त्याचा लाभ एवढा मोठा आहे कीं, त्याविरुद्ध बोलणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि एका विषयांत हा दंडक, डोळे मिटून चालविल्यास, अन्यायाचें साधन होतो. तो विषय म्हणजे धन्याच्या पिळवणुकीपासून मजुराचें संरक्षण. कागद जपला कोणीं, हें न विचारतां त्यावर विसंबल्यास काय होतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

परभणी जिल्ह्यांतील, जिंतूर तालुक्यांतील बोरी हें गांव घ्या. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निझामाच्या अमलाखालीं होता. या भागांत सालगड्याचें साल गुढीपाडव्यास सुरू होतें. पाडव्यास रक्कम ठरते, कांहीं उचल आधीं मिळते, आणि पुढें वर्षभर गडी शेतांत, गोठ्यांत, धनी सांगेल तेथें राबतो. व्यवहार बहुधा तोंडी. लिहिला गेलाच तर तो धन्याच्या वहींत, गड्याचे नांवें पडलेली बाकी म्हणून. संग्राहकाच्या हातीं पुढें येतें तें हेंच खातें. त्यांत उचल दिसते, खाडे दिसतात. रात्रीचें पाणी देणें, आजारांत केलेलें काम, घरच्या बायकामुलांनीं दिलेला हात, यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. अशा खात्यावरून ‘गडी कर्जबाजारी होता’ असें अनुमान काढणारा संशोधक वस्तुतः एका पक्षाची कैफियतच निवाडा म्हणून लिहून ठेवतो.

हा दोष आजचा नव्हे. इनामाच्या सनदांत इतर बाबींबरोबर वेठबेगारीचाही उल्लेख येतो. आम्ही सनदेचा शिक्का तपासतों, मिति जुळवितों, इनामदाराची वंशावळ लावितों. परंतु ज्या रयतेची फुकट मेहनत त्या एका शब्दानें सरकाराकडून इनामदाराकडे गेली, तिची विचारपूस टिपणांत क्वचितच आढळते. सनद अस्सल असते. अपुरें असतें तें आमचें वाचन.

याच्या उलट बाजूचा कागद मुळींच नाहीं, असें मात्र नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारें 5,500 सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेविला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, वेळेवर पगार व कामावर जायबंदी झालेल्यास पगार, या त्यांतील मागण्या. 1881 च्या कायद्यानें केवळ मुलांस थोडें संरक्षण दिलें होतें; 1891 च्या कायद्यानें आठवड्याची सुटी आली व स्त्रियांच्या कामाचे तास 11 वर बांधले गेले. केवळ कायद्याचीं कलमें वाचणारास हें सरकारचें औदार्य वाटेल. अर्ज शेजारीं ठेविला म्हणजे मागणारे कोण होते, तें कळतें. बोरीच्या गड्याजवळ असा अर्ज नव्हता. गिरणीच्या एका छपराखालीं हजारों माणसें जमत, सालगडी एकेका वाड्यांत एकटा असे. त्याचा कागद नाहीं, याचें कारण त्याची तक्रार नव्हती हें नसून त्याला सोबत नव्हती हें आहे.

नवल असें कीं, या बाबतींत कायदा आमच्याहून चांगला चिकित्सक ठरला. हैदराबाद संस्थानांत कर्जापोटीं राबणाऱ्या भगेल्यांच्या करारांविषयीं 1936 मध्यें नियम झाले. पुढें वेठबिगार निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यानें ‘करार’ या शब्दाची व्याख्या करतांना लेखी व तोंडी दोन्ही करार धरले, आणि भगेला आदि प्रकारांत रूढीवरूनच करार गृहीत धरावा असें म्हटलें. कर्ज वेठबिगारीचें आहे असा दावा झाल्यास, तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. त्या यादींत सालगडी हें नांव नाहीं. तरी कसोटी नांवाची नसून सक्तीची आहे. 1982 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें हीही सक्तीची मजुरीच ठरविली. ज्याच्या हातीं वही, त्यानेंच पुरावा द्यावा, हें तत्त्व न्यायालयास मानवतें; मग तें इतिहासाच्या दालनांत अमान्य कां व्हावें?

यावर आक्षेप येईल कीं, तोंडी साक्ष मोहरांनीं बांधलेली नसते. स्मृति वर्षें सरमिसळ करते, दुःख वाढवून सांगते. आक्षेप खरा आहे. पण उपाय साक्ष टाकून देणें हा नव्हे. कागदाइतकीच ती पारखणें हा आहे. खात्यांतील खाडे आणि गड्याच्या घरची आठवण समोरासमोर ठेवावी. दोन्ही जेथें जुळतात तें स्वीकारावें, जेथें विसंगत तेथें दोन्ही छापावीं.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुन्या वाड्यांतून दप्तर उचलतांना सनदा घेऊन सालाच्या वह्या रद्दींत घालूं नयेत. वही कोणाच्या घरची, कोणाच्या हातची, हें पहिल्या पानावर नोंदवावें. आणि तींत ज्यांचीं नांवें बाकीखालीं आहेत, त्यांचे वंशज गांवांत असतील तर त्यांच्या दारींही एकवार जावें. धन्याचा कागद जपला गेला. गड्याची बाजू जपण्याचें काम अद्याप आपणांकडे येणें आहे.