जुन्या मालिका आणि काळाची कसोटी

साहित्यकृती जुनी झाली तरी तिची नवी आवृत्ती निघते, नाटक जुने झाले तरी नवे नट ते पुन्हा उभे करतात. दूरदर्शन मालिकेचे तसे नाही. ती ज्या दिवशी चित्रित झाली, त्या दिवसाच्या प्रकाशात, त्या नटांच्या चेहऱ्यांत आणि त्या काळच्या साधनांत ती कायमची अडकलेली असते. काळ पुढे जातो, प्रेक्षक बदलतो, मालिका मात्र होती तेथेच उभी राहते. म्हणून अभिजात म्हणून नावाजलेली मालिका आज पाहताना कशी वाटते, हा प्रश्न केवळ गतकाळाच्या हुरहुरीचा नाही. त्या कृतीत मुळात काय होते, याचीच ती कसोटी आहे.

अशी कसोटी मार्च २०२० मध्ये आपोआप घडून आली. महामारीमुळे सारा देश घरात कोंडला गेला असताना दूरदर्शनने २८ मार्चपासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ (१९८७-८८) पुन्हा दाखवले. त्याच सुमारास ‘महाभारत’ही (१९८८-९०) परतले. ‘रामायणा’च्या १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले आणि तो जागतिक विक्रम आहे की नाही, यावर पुढे वादही झाला. परंतु समीक्षेला या आकड्यांचा फारसा उपयोग नाही. बंद घरातील माणूस जे समोर येईल ते पाहतो. त्याच्या मनात मागे काय उरते, हे पाहणे महत्त्वाचे.

प्रथम तंत्राचा विचार करू, कारण आजची मुले हसतात ती तेथेच. आकाशात दोन बाण समोरासमोर येतात, थबकतात आणि ठिणग्या उडवून विरून जातात. रंगवलेले पडदे रंगवलेलेच दिसतात. हाच दोष १९८६ साली चीनमध्ये गाजलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या मालिकेतही आहे. दिग्दर्शिका यांग ज्ये यांनी अपुऱ्या साधनांनिशी, बव्हंशी एकाच कॅमेऱ्यावर, तिचे पंचवीस भाग पूर्ण केले. यात्रेकरू भिक्षूची भूमिका तर तीन नटांनी आळीपाळीने केली आहे. तरीही शाळांच्या सुट्ट्या लागल्या की ती मालिका चीनमध्ये पुनःपुन्हा दाखवली गेली आणि नवनव्या पिढ्यांनी ती पाहिली. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना तिचे आणखी एका कारणाने अगत्य वाटावे. त्या कथेतील भिक्षूचे मूळ म्हणजे सातव्या शतकात पुलकेशी दुसऱ्याच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे आपले अजिंठाच, असे अभ्यासक मानतात. या मालिकेतील वानरवीर सुन वूखोंग काय किंवा दारासिंग यांचा हनुमान काय, नटाने भूमिकेवर जीव ओतला असेल तर मागचा कागदी डोंगर प्रेक्षक स्वतःच्या कल्पनेने खरा करून घेतो. तंत्र जुने होते, पण तेवढ्याने मालिका मरत नाही.

मग ती कशाने म्हातारी होते? याचे उत्तर ‘हमलोग’ देते. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांच्या धर्तीवर, कुटुंबनियोजनासारखे विषय घरोघर पोहोचवण्याच्या हेतूने आखली गेली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या गोष्टीतून काय शिकावे, ते प्रेमळपणे समजावून सांगत. त्या काळी देश या समारोपाची वाट पाहत असे. आज मात्र नेमका तोच भाग कंटाळवाणा वाटतो. गोष्टीने जे आधीच सांगितलेले असते, ते पुन्हा सांगितले जाते आणि आपल्या आकलनावर कोणाचा विश्वास नाही, असे प्रेक्षकाला वाटू लागते. परंतु दारूच्या आहारी गेलेला बसेसर राम, सोसत राहणारी भगवंती आणि सुषमा सेठ यांनी साकारलेली आजारी दादी आजही आपल्या शेजारची वाटतात. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली माणसे जगली, त्यांच्या गळ्यात बांधलेला उपदेश मात्र शिळा झाला. बोधाला वय असते, खऱ्या माणसाला नसते.

या दृष्टीने ‘तमस’ आजही सर्वांत ताजी वाटते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका १९८८ च्या आरंभी प्रसारित झाली. तिच्यावर बंदी आणावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला मोकळीक दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. मे २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये आपल्या शहराने दंगलीची रात्र पाहिली आहे. मशिदीच्या पायरीवर टाकलेल्या एका मेलेल्या जनावरापासून वणवा कसा पसरतो, हे ‘तमस’मध्ये पाहताना येथील प्रेक्षकाला ती चाळीस वर्षांपूर्वीची कृती वाटतच नाही.

तिच्यातील एका प्रसंगापाशी थांबायला हवे. वृद्ध शीख दांपत्य हरनामसिंग आणि बंतो जीव वाचवण्यासाठी रात्रभर चालतात आणि एका परक्या मुसलमान घराचे दार ठोठावतात. दार उघडणारी राजो त्यांना आत घेते, निघून जा म्हणते आणि पुन्हा थांबवते. घरातील पुरुष परततात ते लुटीची पेटी घेऊन, आणि ती पेटी असते याच पाहुण्यांची. येथे दिग्दर्शक काहीही समजावून सांगत नाही. सुरेखा सिक्री यांचा चेहरा आपल्यासमोर येतो. त्यावर भीती आहे, चीड आहे आणि दयाही आहे. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्य होता. चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तो दया करतो त्या क्षणी त्याच्या घरच्यांचे काय म्हणणे पडले असते, हा प्रश्न राजोला पाहिल्यावर मनात येतो.

येथे प्रभू येशूच्या दाखल्यांची आठवण सहज होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अखेरीस घरात गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. दार उघडे ठेवून गोष्ट थांबते. फ्रँको झेफिरेल्ली यांच्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ (१९७७) या दूरदर्शनसाठीच बनलेल्या मालिकेचे सामर्थ्य याच जाणिवेत आहे. रॉबर्ट पॉवेल यांचा निळ्या डोळ्यांचा ख्रिस्त आज काहीसा चित्रातल्यासारखा वाटतो, हे मान्य करावे लागेल. परंतु मत्तय जकातदाराच्या घरी येशू हा दाखला सांगत असताना मत्तयाचा द्वेष करणारा पेत्र दाराशी उभा राहून ऐकतो, ही योजना अजोड आहे. गोष्ट ऐकता ऐकता थोरला भाऊ आपणच आहोत, हे पेत्राला उमगते आणि तो आत जातो. त्यावर प्रवचन होत नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग पन्नास वर्षांनंतरही हलवून जातो.

आणखी एक कसोटी आपल्याला अवघड वाटणारी आहे. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आगुंब्याच्या पावसात आणि जुन्या घरांत चित्रित झाली. आजही ती टवटवीत आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र स्वामी ज्या शाळेत जातो ती अल्बर्ट मिशन स्कूल आहे, आणि आर. के. नारायण यांच्या मूळ कादंबरीतील एबेनेझर मास्तर हिंदू देवतांची निंदा करतात व प्रश्न विचारणाऱ्या स्वामीचा कान पिरगाळतात. आपल्या संस्थांनी या देशाला दिलेल्या शिक्षणाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण शेजाऱ्याच्या मुलाच्या डोळ्यांतून आपण कसे दिसलो, हे निमूटपणे पाहण्याची संधी एखादी चांगली कथाच देते. राग न धरता ती आपण घेतली पाहिजे.

मराठी मालिकांविषयी लिहिताना मन खिन्न होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’चे आज मोजकेच भाग पाहायला मिळतात, कारण त्या काळी टेपा महाग असत आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. आपल्याच शहरातील ‘जिगीषा’च्या प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांचे ‘चारचौघी’ १९९१ साली रंगभूमीवर आले आणि २०२२ साली नव्या संचात पुन्हा उभे राहिले. संहिता शाबूत असली की नाटक असे परत येऊ शकते. पुसलेल्या मालिकेला हा मार्ग नाही. जे जपलेच नाही त्याची कसोटी कशी घेणार?

आजच्या मुलांना या मालिकांची गती मंद वाटते, हा आक्षेप खोटा नाही. ‘रामायणा’तील कित्येक लांबलेले प्रसंग कापले असते तरी कथेचे काही बिघडले नसते. परंतु ‘तमस’मधील संथपणा वेगळा आहे. तेथे विचार करायला वेळ मिळतो. धर्मग्रामातील कुटुंबांनी येत्या प्रायश्चित्तकाळात एखादी संध्याकाळ जपमाळेनंतर यासाठी राखून ठेवावी. मुले समंजस वयाची असतील तर त्यांच्यासोबत राजोचा तो भाग पाहावा आणि पडदा बंद झाल्यावर वडीलधाऱ्यांनी अशोककुमारांची जागा घेऊ नये. पहिला प्रश्न मुलांना विचारू द्यावा.