लेनकृत ‘शिवाजी’ आणि तदनुषंगिक राजकारण

प्रो. जेम्स लेन यांचें ‘शिवाजी : हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया’ हें ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें पुस्तक आम्ही अलीकडे पुनः एकदां साद्यंत वाचून काढलें. या पुस्तकावर आजवर जें लिहिलें व बोललें गेलें त्यांतील बहुतेक भाग पुस्तक न वाचतांच झालेला आहे, हें आमचें जुनें मत या वाचनानें दृढ झालें. ग्रंथाचे गुणदोष आणि ग्रंथाच्या निमित्तानें उसळलेलें राजकारण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. परंतु दुसरी पहिलीचें नांव सांगून उभी राहिली असल्यामुळें प्रथम ग्रंथाकडेच वळूं.

हें रूढ अर्थानें शिवचरित्र नव्हे. महाराजांची कथा निरनिराळ्या काळांत कोणीं कशी सांगितली, हा ग्रंथकाराचा विषय आहे. कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’, अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा, पुढें महिपतीच्या संतचरित्रांतील शिवाजी, त्यानंतर जोतीराव फुले यांच्यापासून विसाव्या शतकापर्यंतचीं राजकीय निरूपणें, असा त्याचा क्रम आहे. हा विषय चांगला आहे व आमच्याकडील अभ्यासकांनीं तो पूर्वींच हातीं घ्यावयास पाहिजे होता. ‘शिवभारता’चें इंग्रजी भाषांतरही याच ग्रंथकारानें डॉ. श्रीकांत बहुलकर यांच्या साह्यानें केलें असून तें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां मूळ साधनांशीं त्याचा परिचय नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

असें असतां शेवटच्या प्रकरणांत त्यानें एक गोष्ट अशी केली आहे कीं, ती आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यानें केली असती तरी आम्ही वहींत तांबडी रेघ ओढली असती. महाराजांच्या जन्माविषयीं कोणी कोठें कुजबुजलें असेल त्याचा उल्लेख त्यानें केला. परंतु सांगणारा कोण, कोणत्या काळचा, कोणत्या गांवचा, यांपैकीं कांहींही दिलें नाहीं. ज्याचा मूळ वक्ता दाखवितां येत नाहीं अशा वदंतेस न्यायशास्त्रांत ‘ऐतिह्य’ म्हणतात. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाणाचें स्थान देत नाहींत. सांगणारा आप्त ठरला तरच ती शब्दप्रमाणांत येऊं शकते. येथें सांगणाराच नाहीं, मग आप्तत्वाची गोष्ट कशाला? लोककथेंतील मौनें व फटी शोधणें हा आपला उद्देश असल्याचें ग्रंथकार सांगेल; पण फट दाखवावयाची तर ती कागदांत दाखविली पाहिजे. हें विधान निराधार आहे आणि तें छापणें हें अभ्यासकास न शोभणारें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. एवढें एका पानांत लिहून हा विषय संपवितां आला असता.

पुण्याची रीत तीच होती. ग्रँट डफचा इतिहास १८२६ सालीं निघाला. त्यावर नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्यानें १८६८ सालीं टीका केली. मराठ्यांच्या इतिहासाच्या देशी संशोधनाचा आरंभ आम्ही त्या टीकेपासून धरतों. प्रो. जदुनाथ सरकारांचें शिवचरित्र १९१९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कित्येक मतें येथील विद्वानांस मुळींच रुचलीं नाहींत. परंतु उत्तर म्हणून दप्तरें धुंडाळलीं गेलीं, शकावल्या व करीने छापले गेले. १९२५ सालचा ‘शिवचरित्रप्रदीप’ चाळला म्हणजे त्या पिढीचा राग कोणत्या मार्गानें बाहेर पडत असे तें कळतें. महाराजांची जन्मतिथि शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया कीं शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, या वादांत तर घरोघरीं दोन तट पडले होते. पण जेधे शकावलीचा कागद पुढें आला व त्यावरच वादाचा रोख वळला. कोणाच्या तोंडास काळें फांसून तिथि ठरली नाहीं.

२००३ सालीं ही रीत मोडली. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, ती मोडण्याची पहिली पायरी विद्वानांनींच घातली. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत कांहीं मान्यवर इतिहासज्ञांनीं प्रकाशकाकडे पुस्तक मागें घेण्याची मागणी केली व प्रकाशकानेंही तें भारतांतून मागें घेतलें. सह्या करणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे, कित्येकांचे ग्रंथ आमच्या नित्य उपयोगांतले आहेत. तरी ही चूकच झाली असें आम्ही म्हणतों. खंडन करण्याचें सामर्थ्य ज्यांच्यापाशीं होतें त्यांनींच खंडनाऐवजीं निष्कासन मागितलें. मग ज्यांच्यापाशीं तें सामर्थ्य नव्हतें त्यांनीं पुढची मजल गांठली, यांत नवल तें काय?

२२ डिसेंबर रोजीं शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनीं डॉ. बहुलकर यांस काळें फांसलें. त्यांचा अपराध एवढाच कीं ग्रंथाच्या प्रास्ताविकांत त्यांचे आभार मानलेले होते. या कृत्याबद्दल पुढें त्या पक्षाचे तेव्हांचे नेते श्री. राज ठाकरे यांनीं त्यांची क्षमा मागितली, हें नमूद केलें पाहिजे. पण ५ जानेवारी २००४ रोजीं संभाजी ब्रिगेडचे शंभराहून अधिक लोक भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर चालून गेले, त्याचें कारणही तोच ऋणनिर्देश होता. कपाटें उलथलीं, तसबिरी फुटल्या, पुस्तकें व पोथ्या जमिनीवर विखुरल्या. हानीचे जे आकडे वर्तमानपत्रांतून आले ते एकमेकांशीं जुळत नाहींत. म्हणून आम्ही त्यांतील एकही येथें देत नाहीं.

त्या सुमारास आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. वरच्या वर्गांतील चार मुलें बरोबर घेऊन आम्हीही आवराआवरीस हातभार लावावयास गेलों. हस्तलिखितांची ज्यांना संवय आहे त्यांस सांगावयास नको, कीं सुटी पोथी एकदां विखुरली म्हणजे ती लावणें किती कठीण असतें. पानांना शिवण नसते. समासांत पत्रांक व ग्रंथनामाचीं एकदोन अक्षरें असतात, तींही कोपरा फाटला कीं गेलीं. मग अक्षराचें वळण, ओळींची संख्या, कागदाचा रंग पाहून पान कोणत्या पोथीचें तें ठरवावें लागतें. एका मुलानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, यांत महाराजांविरुद्ध काय लिहिलें आहे?” त्याच्या हातांत कोणत्या तरी श्रौतप्रयोगाचें पान होतें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं ज्या संस्थेनें बाराशेंवर हस्तलिखितांचा आधार घेऊन १९१९ पासून १९६६ पर्यंत काम केलें, तिच्या दारांत हा प्रश्न विचारला जावा, हें आमच्या चित्तांतून अद्यापि जात नाहीं.

आतां राजकारणाकडे. दंगा करणारी संघटना लहान होती. स्वतःच्या नांवावर विधानसभेंत तिचा एकही सभासद आजवर निवडून गेलेला नाहीं. अशा संघटनेचें बळ मतपेटींत मोजूं गेल्यास कांहींच हातीं लागत नाहीं. तें मोठ्या पक्षांच्या भाषेंत पाहावें लागतें. दंग्यानंतर चारच दिवसांनीं ग्रंथकार व प्रकाशक यांच्यावर फौजदारी गुन्हा नोंदविला गेला व पंधरवड्याच्या आंत काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारनें पुस्तकावर बंदी घातली. ग्रंथकारास अमेरिकेहून आणविण्याची भाषा झाली. पंतप्रधान वाजपेयी यांनीं १६ जानेवारी रोजीं मुंबईंत, पुस्तकास उत्तर पुस्तकानें द्यावें, अशा आशयाचे शहाणपणाचे उद्गार काढले. मार्चांत निवडणुकीचे नगारे वाजूं लागले, तेव्हां त्यांनींच महाराष्ट्रांतील प्रचारसभेंत परदेशी लेखकांस इशारा दिला. त्यांच्याच पक्षाचे श्री. गोपीनाथ मुंडे यांनीं नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वर बंदीची मागणी केली. ब्रिगेडच्या मातृसंस्थेचे संस्थापक श्री. पुरुषोत्तम खेडेकर यांच्या पत्नी त्या वेळीं भारतीय जनता पक्षाच्याच आमदार होत्या. तेव्हां हें लोण अमुक एका पक्षानेंच आणलें असें म्हणणारानें आपला पक्ष आधीं सांगावा.

त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांतील विधानसभा निवडणुकींत राष्ट्रवादीस ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. या यशाचें श्रेय लेनप्रकरणास देणें आम्हांस तर्कशुद्ध वाटत नाहीं. पण तें प्रकरण उपयोगी पडतें असें पुढाऱ्यांस वाटलें, आणि पुढील गोष्टी घडण्यास तेवढें पुरलें.

न्यायालयांनीं आपलें काम केलें. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २००७ मध्यें फौजदारी खटला रद्द केला, त्याच महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें बंदी उठविली व ९ जुलै २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पण त्याच वर्षीं, २७ डिसेंबर रोजीं उजाडण्यापूर्वीं, पुणें महापालिकेनें लाल महालांतील दादोजी कोंडदेवाचा पुतळा काढून नेला. दादोजी हा कोंडाण्याचा सुभेदार म्हणून समकालीन कागदांत आहे. त्याचें गुरुत्व मात्र मुख्यतः बखरींच्या आधारावर उभें आहे. सोन्याच्या नांगराचें शिल्प ज्यांनीं उभारलें त्यांनींही पुराव्याची फारशी चाड ठेविली नव्हती, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. परंतु गुरुत्वाचा निर्णय नगरसेवकांच्या हात वर करण्यानें व्हावयाचा असेल तर आमच्या मंडळाची दप्तरें बांधून ठेवलेलीं बरीं. सेना व भाजप यांनीं शहर बंद पुकारलें. कागदांची चर्चा त्या बंदवाल्यांनींही केली नाहीं.

३ जानेवारी २०१७ रोजीं संभाजी उद्यानांतून राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेंत टाकला गेला. कारण ‘राजसंन्यास’ हें नाटक, ग्रंथकार दिवंगत, आणि महापालिकेची निवडणूक महिनादीड महिन्यावर आलेली. भांडारकर संस्थेवरील हल्ल्याच्या खटल्यांतील आरोपी त्याच वर्षीं निर्दोष सुटले. २६ ऑगस्ट २०२२ रोजीं श्री. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनें संभाजी ब्रिगेडशीं युति जाहीर केली. बारा वर्षांपूर्वीं त्यांच्याच पक्षानें त्या पुतळ्यासाठीं बंद पुकारला होता.

ग्रंथकारानें प्रास्ताविकांत मानलेले आभार कोणास किती महाग पडले हें वर आलेंच आहे. त्याचा परिणाम आमच्या कामावर कसा झाला तें वाचकांस ठाऊक असावें म्हणून एक गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं मावळांतील एका जुन्या घराण्यानें आपलें मोडी दप्तर आम्हांस मोठ्या अगत्यानें दाखविलें. त्यांत वतनाच्या तंट्याचा एक महजर निघाला. पंचांच्या निशाण्या व बलुत्यांच्या साक्षी जशाच्या तशा, वाळवी फक्त एका कडेस लागलेली. आम्ही तीन दिवस बसून नक्कल उतरली. निघतांना घरचे वडील दारापर्यंत पोंचवावयास आले व म्हणाले, “मास्तर, छापा खुशाल, पण आमचें नांव अन् गांव तेवढें घालूं नका. पोरांना इथं राहायचंय.” तो महजर पुढील अंकीं देण्याचा आमचा विचार आहे. नकलेच्या माथ्यावर प्राप्तिस्थानाची जागा कोरी ठेविली आहे.