गच्चीवरची तिसरी जागा : 'बॅटमॅन : डार्क व्हिक्टरी' वाचताना

गाजलेल्या गोष्टीचा दुसरा भाग हातात घेताना तुम्हालाही थोडी धाकधूक वाटत असेल. तेच सगळं पुन्हा आलं तर कंटाळा, आणि अगदीच वेगळं आलं तर 'हे कशाला?' मग काही सीक्वेल वाचताना खरंच मजा का येते? जेफ लोब आणि टिम सेल यांची 'डार्क व्हिक्टरी' (१९९९-२०००) ही मालिका मला यासाठी फार उपयोगी वाटते.

आधी थोडी थिअरी, घाबरू नका. उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कादंबरीतलं पात्र काही करतं तेव्हा ते थोडं थोडं खर्च होत जातं. वय वाढतं, नाती तुटतात, परतीचे रस्ते बंद होतात. सुपरहिरोला असं खर्च होणं परवडत नाही, कारण पुढचा अंक काढायचाच असतो. त्याने लग्न करणं हेसुद्धा मरणाकडे टाकलेलं एक पाऊल! म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट जणू आधी काही घडलंच नाही अशा थाटात सुरू होते.

आता 'डार्क व्हिक्टरी' बघा. आधीच्या 'द लाँग हॅलोविन'मध्ये (१९९६-९७) बॅटमॅन, पोलीस अधिकारी गॉर्डन आणि सरकारी वकील हार्वे डेंट गच्चीवर भेटतात आणि फाल्कोन या माफिया कुटुंबाला संपवायचं ठरवतात. कुटुंब खिळखिळं होतं खरं, पण हार्वेचा टू-फेस होतो. सीक्वेलमध्ये गच्ची तीच, पण माणसं दोनच. दर सणाला एक खून हा साचाही तोच. फक्त आता मरतायत गॉथमचे पोलीस, आणि प्रत्येक प्रेताजवळ गाळलेल्या अक्षरांचं कोडं सापडतं. कोडं लिहिलेला कागद हार्वेच्या जुन्या दप्तरातला असतो. गेलेला मित्र पुराव्याच्या रूपात परत परत समोर येत राहतो!

पुनरावृत्ती इथे कामाला येते. चौकट तीच ठेवली म्हणूनच त्यातून कोण गेलंय ते डोळ्यांत भरतं. घरात जेवायला बसताना एक पाट रिकामा दिसावा, तसं. या मालिकेतला बॅटमॅन चक्क खर्च झालेला आहे. तो मदत नाकारतो, कुणाला जवळ येऊ देत नाही.

सेल यांची चित्रं हे एकटेपण शब्दांपेक्षा जास्त बोलतात. सेल रंगांध होते. त्यांची ताकद काळ्या शाईत. ग्रेगरी राइट यांचे रंग त्या काळोखाला हात न लावता भोवतीने वावरतात. मोठमोठ्या पॅनेलमध्ये एकच छोटी आकृती, बाकी सगळा अंधार. अशा पानांवर थांबा, घाई करू नका.

मग सर्कसमध्ये आईवडील गमावलेला डिक ग्रेसन त्या प्रचंड वाड्यात येतो, आणि त्याच्या दुःखात ब्रूसला आपलं बालपण दिसतं. रॉबिन हा 'मुलांसाठी घातलेला पोरगा' अशी टीका बऱ्याचदा होते. इथे मात्र तो रिकाम्या जागेचं उत्तर म्हणून येतो. हार्वेची जागा तो भरत नाही, पण बॅटमॅनला पुन्हा कुणावर तरी विश्वास टाकायला लावतो.

दोषही आहेत. डिक फार उशिरा येतो, आणि खलनायकांची गर्दी मधल्या अंकांत रेंगाळते. खुनी कोण हे कोडं पहिल्या भागाइतकं पकडून ठेवत नाही. पण माझ्या मते या मालिकेचा खरा प्रश्न 'कोणी मारलं?' हा नाहीच. 'गेलेल्या माणसाचं काय करायचं?' हा आहे. एकोंच्या नियमाला लोब-सेल यांनी काढलेली ही पळवाट मला म्हणूनच आवडते. मासिक अंकांचा बॅटमॅन म्हातारा होऊ शकत नाही. पण आरंभीच्या वर्षांत गोष्ट बसवली, की त्याला काहीतरी कायमचं गमावता येतं.

वाचणार असाल तर क्रम मोडू नका: आधी 'लाँग हॅलोविन', मगच ही. आणि कोड्यातली अक्षरं भरण्याआधी खालचा कागद कुणाचा आहे ते जरूर बघा.