मिल्टनचें सुनीत आणि ठेवीचा दृष्टांत

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील दृष्टांतानें इंग्रजी भाषेस एका शब्दाचा नवा अर्थ दिला आहे. परदेशीं निघालेला धनी आपल्या तीन दासांपाशीं अनुक्रमें पांच, दोन व एक ‘टॅलंट’ ठेवून जातो. पहिले दोघे व्यापार करून ठेव दुप्पट करितात. तिसरा ती जमिनींत पुरतो आणि धनी परततांच जशीच्या तशी पुढें करितो. पहिल्या दोघांची वाहवा होते. तिसऱ्याच्या वांट्यास बाहेरचा अंधार येतो. ‘टॅलंट’ हें मुळांत चांदीचें वजन. पण या कथेमुळेंच त्याचा ‘अंगची बुद्धि’ हा अर्थ रूढ झाला.

मनुष्य हा आपल्या धनाचा, गुणांचा वा आयुष्याचा मालक नसून केवळ कारभारी आहे, ही ख्रिस्ती धर्माची शिकवण या कथेंत सांठविलेली आहे. तिसऱ्या दासास आळशी ठरवून बहुतेक उपदेशक मोकळे होतात. धनीहि त्यास आळशी म्हणतो हें खरें. पण त्या आळसाचें मूळ शोधलें पाहिजे. एक टॅलंट म्हणजे सुमारें सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे वीस वर्षांच्या कमाईएवढी रक्कम या दासाच्या हातीं होती. धन पुरून ठेवणें हा यहुदी धर्मशास्त्रज्ञांच्या मतें ठेव राखण्याचा सुरक्षित मार्ग होता. त्यानें एक कवडीहि खाल्ली नाहीं. मग त्याचा अपराध कोणता? तो त्याच्याच तोंडून बाहेर पडतो. आपण कठोर आहां, न पेरितां कापणी करितां, म्हणून मी भ्यालों, असें तो सांगतो. त्याचा हिशेब चोख आहे. धन्यावर मात्र त्याचा विश्वास नाहीं. ज्यास धन्याची केवळ भीति वाटते, तो ठेव राखील, पण वाढवूं शकणार नाहीं.

मिल्टनचें स्वतःच्या अंधत्वावरील प्रख्यात सुनीत या दृष्टीनें वाचावें असें आम्ही सुचवितों. १६५२ सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, मिल्टन पूर्ण अंध झाला होता. लेखन थांबविलें नाहीं तर उरलेली दृष्टीहि जाईल, असें वैद्यांनीं बजावलें असतांहि त्यानें इंग्लिश प्रजेच्या कैवाराचा आपला लॅटिन ग्रंथ १६५१ मध्यें पुरा केला. ही हकीकत त्यानें १६५४ च्या दुसऱ्या ग्रंथांत स्वतःच नमूद केली आहे. अशा पुरुषास ठेव पुरून ठेवणारा कोण म्हणेल? तथापि सुनीताच्या पूर्वार्धांत तो स्वतःवर तोच आरोप करितो. दृष्टि गेल्याचें सांगतांना तो खर्चाची भाषा वापरतो; आपली एकुलती ठेव निरुपयोगी पडून आहे, या विचारानें व्याकुळ होतो; आणि प्रकाश हिरावून घेऊन देव वर दिवसाचें काम मागतो काय, असें विचारतो. ही भाषा तिसऱ्या दासाची आहे! धनी कठोर आहे हीच शंका येथें विद्वत्तेचा वेष घेऊन आली आहे.

सुनीताच्या रचनेंतील मर्म येथेंच आहे. इटालियन पद्धतीच्या सुनीतांत विचाराचें वळण आठ ओळी संपल्यावर यावयाचें; पण येथें आठवी ओळ अर्ध्यावर असतांनाच सहनशीलता मध्यें बोलूं लागते. तक्रार पुरी होण्याची ती वाटच पाहत नाहीं. नियमभंग म्हणून टीकाकार याकडे बोट दाखवोत. आम्हांस यांत भावनेचा खरेपणा दिसतो.

मात्र सहनशीलतेच्या उत्तराविषयीं एक आक्षेप घेतां येतो. दृष्टांतांतील धनी व्यापारी आहे. तो वाढीची अपेक्षा करितो. सुनीतांतील देव सम्राट् आहे. हजारों दूत त्याच्या आज्ञेनें भूमि व सागर ओलांडीत असतात, त्यास मनुष्याच्या कामाची गरज नाहीं. मग हिशेब तरी कशाचा? मिल्टननें धनी बदलून प्रश्नास बगल दिली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शेवटीं तो ज्याची सेवा मान्य करितो, तो निजलेला दास नव्हे; आज्ञेची प्रतीक्षा करीत तिष्ठत असलेला दास आहे. हातांस काम नसलें तरी मन धन्याकडे वळलेलें असावें, हाच विश्वासूपणा. आमच्या वाचकांस येथें गीतेंतील फलत्याग आठवेल. पण हें साम्य फार ताणूं नये. गीता फळाची आसक्ति सोडावयास सांगते. येथें फळ आरंभापासूनच दुसऱ्याचें असून त्याचा जाब द्यावयाचा आहे.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १६६० मध्यें राजसत्ता परत आली आणि ज्या पक्षासाठीं मिल्टननें डोळे वेंचले तो बुडाला. अंध कवीनें इतरांकडून लिहवून घेतलेलें दहा हजारांहून अधिक ओळींचें ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ मध्यें प्रसिद्ध झालें. हस्तलिखिताबद्दल रोख पांच पौंड हातीं पडले व आवृत्ति खपल्यावर आणखी पांच. व्यापाऱ्याच्या वहींत ही वाढ नगण्यच ठरेल. हें सुनीत तर १६७३ पर्यंत छापलेंहि गेलें नव्हतें. म्हणून ‘आपण काय मिळविलें?’ एवढाच प्रश्न या दृष्टांतांतून काढणारे आणि ‘स्वस्थ बसणेंहि चालेल’ एवढाच दिलासा या सुनीतांतून घेणारे, असे दोघेहि अर्धेंच वाचतात असें आमचें मत आहे. हातीं असलेलें कोणाचें आहे आणि तो कसा आहे, हें ज्यास कळलें, त्याला काम करण्याची भीति वाटत नाहीं आणि थांबण्याची लाजहि वाटत नाहीं.